उदाहरणाचा कोड लिहिताना या चुका टाळा

पायथॉनच्या एका धड्यात मी पहिल्या उदाहरणात स्ट्रिंग एकेरी अवतरणात लिहिली आणि चौथ्यात दुहेरी. हात वळला तसं लिहिलं. एका मुलीनं विचारलं, "चौथ्यात दुहेरी का? आत व्हेरिएबलचं नाव आहे म्हणून?" प्रश्न रास्त होता. पायथॉनला दोन्ही सारखेच, पण बॅशमध्ये (टर्मिनलच्या कमांडची भाषा) दुहेरी अवतरणात व्हेरिएबलची व्हॅल्यू भरली जाते, एकेरीत नाही. सी भाषेत तर एकेरी म्हणजे कॅरेक्टर, दुहेरी म्हणजे स्ट्रिंग. कुठला फरक अर्थाचा आणि कुठला निव्वळ सवयीचा, हे नवशिक्यानं ओळखायचं कसं? उदाहरणात काही वेगळं दिसलं की त्यामागे कारण आहे असंच तो धरून चालतो.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती नावांची चूक. सुरुवातीला टोटल_अमाउंट, दोन परिच्छेदांनी अंडरस्कोर गायब, शेवटी नुसतं टोटल. वाचणारा तुकडे एकाखाली एक टाइप करतो, नेमएरर (हे नाव माहीत नाही, अशी चूक) येतो आणि बिचारा पायथॉन पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. यावर एकच खात्रीचा उपाय: लेखातले सगळे तुकडे क्रमानं रिकाम्या फाइलमध्ये चिकटवून चालवून बघा. स्वतःच्या मूळ फाइलमधून नव्हे, लेखातूनच कॉपी करा. शिवाय नावांची पद्धत त्या भाषेची हवी, आपल्या हाताची नको. २००१ पासूनची पेप ८ ही पायथॉनची शैलीची नियमावली फंक्शन आणि व्हेरिएबलसाठी स्मॉल अक्षरं व अंडरस्कोर सांगते. जावात कॅमलकेस (शब्द जोडून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) चालतं. जावातून आलेल्याचं पायथॉन लगेच ओळखू येतं.

टॅबएरर आला तर समजा, इंडेंटेशनमध्ये (ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत) टॅब आणि स्पेस मिसळलेत. पायथॉन ३ हे खपवून घेत नाही. एडिटरमध्ये स्पेस-टॅबच्या खुणा दिसतील अशी सेटिंग करा, गुन्हेगार ओळ लगेच सापडते. पायथॉनला ४ स्पेस. गो भाषेत गोफम्ट हे कोडची मांडणी आपोआप करणारं साधन टॅबच घालतं, तिथे वादच मिटला.

कंसांच्या भाषांत (सी, जावा) इंडेंटेशन कंपायलरला दिसत नाही, माणसाला मात्र फसवतं. २०१४ मध्ये ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये 'गोटू फेल' ही थेट शेवटाकडे उडी मारणारी ओळ दोनदा पडलेली सापडली. वरच्या इफला महिरपी कंस नव्हते. दुसरी ओळ इफच्या आत असल्यासारखी दिसायची, पण दर वेळी चालायची आणि पुढची सही-पडताळणी वगळली जायची. जीसीसी या सी कंपायलरमध्ये आवृत्ती ६ पासून अशा फसव्या इंडेंटेशनसाठी वेगळी वॉर्निंग आहे. तेव्हा एका ओळीच्या इफलाही उदाहरणात कंस द्या. जागा वाचवायला ते काढू नका.

टर्मिनलच्या कमांडच्या आधीचं डॉलरचं चिन्ह कुठे ठेवायचं, कुठे गाळायचं, असं करू नका. लोक चिन्हासकट कॉपी करतात. मी ते गाळतो आणि आउटपुट वेगळ्या चौकटीत देतो. वर्ड प्रोसेसरमध्ये कोड लिहू नका, अवतरणं गोलाकार होतात आणि पायथॉन 'अवैध कॅरेक्टर' म्हणून अडतो.

ब्लॅकसारखा पायथॉनचा फॉर्मॅटर अवतरणं आणि स्पेस एकसारखे करून देतो. नावं मात्र तो बदलत नाही, आणि कोडखालचा परिच्छेद तर वाचतच नाही. कोडमध्ये नाव बदललंत की जुनं नाव घेऊन अख्ख्या लेखात सर्च मारा. माझ्याकडे ते बहुतेक वेळा चित्राखालच्या ओळीत लपलेलं सापडतं.