ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, वेगात सैल वाटते: कारण लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश

लक्षण असं: ८० च्या पुढे सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावं लागे. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे, ॲक्सिलरेटर दिला की उजवीकडे. त्याच मॉडेलची मित्राची गाडी चालवली, तेव्हा फरक स्पष्ट जाणवला.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग, पुढच्या टायरांची अदलाबदल, सगळं करून झालं. वैताग आला होता.

उपयोगी पडलेला क्रम सांगतो. दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे टायर थंड असताना हवा भरली. गाडी स्टँडवर घेऊन चाक आधी घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवलं (टाय रॉडसाठी, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्यासाठी), मग १२ आणि ६ वर (बेअरिंग आणि बॉल जॉइंटसाठी, म्हणजे आर्म आणि चाक जोडणाऱ्या सांध्यासाठी). कुठेच खेळ (सैलपणा) नव्हता. मग लोअर आर्मच्या मागच्या बुशजवळ पहार लावून हलकेच रेटलं, आणि रबर फाटलेलं दिसलं. नुसतं बघून ती चीर दिसत नाही.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले, पण बोल्ट सैलच ठेवले. गाडी चाकांवर उतरवली, दाबून हलवली आणि त्यानंतरच टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत बोल्ट आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक ही पायरी अनेकदा गाळतात, शेजारी उभं राहा. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

आता ब्रेक दाबला तरी गाडी सरळ थांबते. वळणावर तर मित्राच्या गाडीपेक्षा माझीच घट्ट वाटते. त्याला बुश तपासायला सांगितलंय.