वेग कमी करताना मागच्या ॲक्सलमधून येणारा आवाज कसा ओळखावा

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागून घोंगावल्यासारखा आवाज सुरू होतो आणि पाय पुन्हा दाबला की तो नाहीसा होतो, अशी तक्रार बोलेरो, सुमो यांसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत नेहमी ऐकू येते. त्यावर गॅरेजमध्ये पहिले उत्तर बहुधा ‘क्राऊन-पिनियन गेले’, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली मोठ्या (क्राऊन) आणि लहान (पिनियन) दातेरी चाकांची जोडी झिजली, असे मिळते. ते खरेही असू शकते. परंतु ही जोडी ज्यात असते ते डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा भाग) उघडणे हे खर्चाचे आणि नाजूक काम असल्यामुळे, त्याआधी आवाज नेमका कशामुळे बदलतो हे तपासून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. ज्या गाडीत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते, तिच्या मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नसतेच. तिथे शोध मुख्यतः टायर, चाकाचे बेअरिंग आणि ब्रेक यांपुरता राहतो.

वेग कमी होताना तीन गोष्टी एकदम घडतात: चाके मंदावतात, गिअरवरचा भार उलटतो आणि ब्रेक लागतो. त्या एकमेकींपासून वेगळ्या केल्या की निम्मे निदान झाले. त्यासाठी चारही टायरांतील हवा सारखी करून सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर जावे आणि ऐकण्यासाठी मागच्या सीटवर कुणाला तरी बसवावे. ताशी 60 किलोमीटरचा वेग स्थिर ठेवून ऐकावे. मग गिअर तसाच ठेवून पाय उचलावा. पुन्हा तोच वेग गाठून गाडी न्यूट्रल करावी. शेवटी न्यूट्रलमध्येच ब्रेक हलका दाबावा. न्यूट्रलची चाचणी घाटात किंवा उतारावर कदापि करू नये आणि चालत्या गाडीची चावी बंद करू नये.

आवाज फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर मागच्या ब्रेकचा ड्रम उघडून लायनर (ड्रमवर घासणारे अस्तर), स्प्रिंगा आणि ड्रमवरचे ओरखडे पाहावेत. आतली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पाय दाबा किंवा उचला, आवाज तसाच राहतो आणि केवळ वेगाबरोबर चढतो-उतरतो, असे असेल तर संशय टायरवर किंवा चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच सूर बदलला तर टायर. डावीकडच्या लांब वळणावर आवाज वाढला तर भार उजव्या चाकावर येत असल्यामुळे बहुधा उजवे बेअरिंग.

आवाज गिअरमध्ये पाय उचलल्यावरच येतो आणि न्यूट्रल करताच विरतो, हा खरा डिफरन्शियलकडे किंवा जॉइंट शाफ्टकडे (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याकडे) बोट दाखवणारा प्रकार. इंजिन ओढत असताना क्राऊनच्या दातांची एक बाजू काम करते आणि पिनियन बाहेरच्या दिशेला ढकलला जातो. पाय उचलताच चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, दातांची दुसरी बाजू भार घेते आणि पिनियन आत खेचला जातो. म्हणून पिनियनचे पुढचे, सीलजवळचे बेअरिंग झिजले असेल किंवा त्याचा ताण (बसवताना दिलेली घट्ट पकड) गेला असेल, तर ते नेमके याच क्षणी बोलू लागते. पिनियन सील तेलाने भिजलेले दिसले तर हा संशय बळावतो.

आवाजाची लय मोजणेही उपयोगी पडते. बोलेरोच्या मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे 2.2 मीटर जातो. म्हणजे ताशी 10 किलोमीटरला चाक सेकंदाला सव्वा फेरा घेते, तर जॉइंट शाफ्ट, क्राऊन-पिनियनच्या सुमारे चारास एक या प्रमाणामुळे, पाच. संथ ठकठक चाकाकडची, भरभर येणारी शाफ्टकडची.

यानंतर गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढच्या चाकांना उटी (अडकण) लावावी, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी आणि मगच खाली शिरावे. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवावा. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाला असलेल्या, वाकू देणाऱ्या सांध्याच्या) टोप्यांभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली, तर आतल्या सुया (सुईसारखे बारीक रोलर) कोरड्या पडल्या आहेत असे समजावे. माझ्या जुन्या गाडीला कुंभार्ली घाट उतरताना अशीच घरघर येत असे. एका गॅरेजने क्राऊन-पिनियनचा खर्च सांगितला होता, प्रत्यक्षात मागचा क्रॉस बदलताच आवाज थांबला. पिनियनच्या फ्लँजला (शाफ्ट जिथे पिनियनला बोल्टने जोडतात त्या चकतीला) धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवूनही पाहावे: किंचित फिरण्याचा प्ले (मोकळेपणा) स्वाभाविक असतो, आत-बाहेर होणारी हालचाल मात्र मुळीच चालत नाही.

तेल पाहताना भरण्याचा बोल्ट आधी उघडावा. पातळी साधारणपणे त्या छिद्राच्या काठापर्यंत असावी. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी, मऊ लेप असणे सामान्य आहे. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर गाडी तिथेच थांबवावी. कमी पातळीमुळे आवाज असेल, तर कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे तेल भरून पुन्हा ऐकावे. जाडसर तेल घालून आवाज दाबणे मला मान्य नाही, कारण त्याने झीज थांबत नाही, फक्त ऐकू येईनाशी होते.

पिनियनचा नट सैल वाटला म्हणून तो नुसता आवळून घेऊ नये. अनेक गाड्यांत बेअरिंगचा ताण आतल्या दबणाऱ्या नळीवर ठरतो. ती एकदा जास्त दबली की नवीच घालावी लागते. डिफरन्शियल उघडलेच, तर क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलावेत, आणि हौजिंग बंद करण्यापूर्वी दातांना रंग लावून उमटलेला ठसा दाखवण्यास फिटरला सांगावे: तो दाताच्या टोकाला किंवा कडेला न सरकता मध्यावर, दोन्ही बाजूंना, उमटलेला असला पाहिजे.