लिनक्सवर अडकलेली प्रोसेस नीट कशी संपवावी

लिनक्सवर एखादा प्रोग्राम प्रतिसाद देईनासा झाला की अनेकांचा हात थेट ‘किल -९’ (kill -9) या सक्तीने बंद करणाऱ्या आज्ञेकडे वळतो. माझ्या मते सर्वांत आधी सोडायला हवी अशी हीच सवय आहे.

प्रथम ‘पीएस औक्स’ (ps aux) ही आज्ञा देऊन प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, क्रमांक (पीआयडी) शोधावा आणि स्थितीच्या रकान्यातील अक्षरही पाहावे, कारण पुढचा उपाय त्यावर ठरतो. त्यानंतर नुसते ‘किल’ लिहून तो क्रमांक द्यावा. यामुळे १५ क्रमांकाचा सिगटर्म सिग्नल, म्हणजे ‘आता थांब’ असा छोटा संदेश, जातो, जो प्रोग्रामला पकडता येतो. चांगला लिहिलेला प्रोग्राम तो मिळताच हातातला मजकूर डिस्कवर उतरवतो, तात्पुरत्या फाइली पुसतो, कुलूप-फाइल (आपण चालू असल्याची खूण म्हणून ठेवलेली फाइल) काढतो आणि मग स्वतःहून बाहेर पडतो. या आवराआवरीला वेळ द्यावा लागतो. सेवा थांबवताना सिस्टमडी (लिनक्सवरील सेवा सांभाळणारा प्रोग्राम) मूळ मांडणीत ९० सेकंद आणि डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) १० सेकंद वाट पाहतो, आणि त्यानंतरच सक्ती करतो.

ही सक्ती म्हणजे ९ क्रमांकाचा सिगकिल. तो प्रोग्रामला पकडता येत नाही, टाळताही येत नाही. प्रोसेसची मेमरी मोकळी करणे आणि उघड्या फाइली बंद करणे ही कामे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तरीही करतो. पण डिस्कवर न उतरलेला मजकूर जातो, आणि मागे राहिलेल्या कुलूप-फाइलीमुळे तोच प्रोग्राम पुन्हा सुरू होण्यास नकार देऊ शकतो. म्हणून तो शेवटचाच उपाय मानावा.

स्थितीच्या रकान्यात ‘डी’ दिसत असेल, तर प्रोसेस कर्नलच्या आत, बहुधा डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील फाइल-सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबलेली असते. अशा वेळी सिगकिलही बहुतेकदा लगेच लागू पडत नाही, त्यामुळे दुरुस्ती त्या डिस्कची किंवा सर्व्हरची करावी लागते.

‘झेड’ म्हणजे झोंबी, आणि इथे गैरसमज सर्वांत जास्त आहेत. झोंबी प्रोसेस आधीच संपलेली असते. तिची मेमरी परत गेलेली असते आणि प्रोसेस-तक्त्यात केवळ एक नोंद उरलेली असते, जी पालक प्रोसेसने, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने, ‘वेट’ ही हाक देऊन एक्झिट कोड (ती कशी संपली हे सांगणारा आकडा) वाचेपर्यंत तशीच राहते. तिला कितीही सिग्नल पाठवले तरी उपयोग नाही. पालकाचा क्रमांक शोधून त्यालाच नीट संपवावे. मग ते पोरके मूल सामान्यतः पीआयडी १ कडे, म्हणजे सर्वांत आधी सुरू झालेल्या प्रोसेसकडे, दत्तक जाते आणि ती नोंद पुसली जाते.

शेवटी, प्रोसेस शेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, चालवली असेल तर तिचा एक्झिट कोड जरूर पाहावा. शून्य म्हणजे काम सुरळीत झाले. सिग्नलने मृत्यू आला असेल तर बॅश हा शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून दाखवतो, म्हणून सिगटर्मसाठी १४३ आणि सिगकिलसाठी १३७ दिसतो. आपण काहीही न पाठवता १३७ दिसला, तर मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच त्या प्रोसेसचा बळी दिला असण्याची शक्यता असते; ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेने कर्नलच्या नोंदी पाहून ती पडताळता येते.