गाडीचा स्टिरिओ बदलताय? आधी आवाज सारखा करा, मग पारखा

दुकानातला डेमो ऐकून स्टिरिओ पसंत करू नका. तिथे ‘लाउडनेस’ (बास आणि वरचे सूर फुगवणारी सोय) चालू असतो, बास चढवलेला असतो आणि फळीवरचे स्पीकर तुमच्या गाडीत नसतात. खोक्यावरच्या ‘५० वॅट x ४’ लाही भुलू नका. इंजिन चालू असताना मिळणारे १४.४ व्होल्ट आणि ४ ओहमचे स्पीकर असा हिशेब मांडला, तर वेगळ्या ॲम्प्लिफायरशिवाय एका चॅनलला स्वच्छ असे वीसेक वॅटच मिळतात. महागडा घेतला म्हणून हे गणित बदलत नाही. स्क्रीन किती इंची आणि रॅम किती, याचा आवाजाशी काडीचा संबंध नाही. टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडणं) आणि हाय-पास फिल्टर (ठरावीक सुराखालचा बास अडवणारी गाळणी) आहे का ते बघा. पुढेमागे ॲम्प लावायचा असेल तर प्री-आउट, म्हणजे ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी, किती व्होल्टचा आहे तेही विचारा. ४ असेल तर उत्तम, २ असेल तरी चालतं.

बसवणं सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्लास्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डची ट्रिम उचकटा, जुना स्टिरिओ बाहेर घ्या. आपल्या मॉडेलची फ्रेम आणि कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर सहज मिळतात. कारागीर म्हणेल, “कपलर कशाला, वायर कापून जोडतो ना साहेब.” स्पष्ट नाही म्हणा. वॉरंटीचा वाद तर टळतोच, शिवाय कपलर असला की जुना स्टिरिओ हवा तेव्हा परत जोडता येतो आणि त्याची गरज पुढे लागणार आहे. पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीवरची, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल उलट झाली तर गाडी बंद केली की दरवेळी सेटिंग पुसलं जातं. फ्रेम मात्र एवढ्यात घट्ट बसवू नका, नवा स्टिरिओ कपलरवर लोंबकळत राहू द्या.

आता खरं काम. नवा चांगला वाजतो की नुसता मोठा वाजतो, हे ओळखणं मला बराच काळ जमत नव्हतं. कारण साधं आहे: दोन आवाजांत जो किंचित मोठा, तो कानाला जास्त भरीव आणि स्वच्छ वाटतो. फरक एखाद्या डेसिबलचा असला तरी कान फसतो, आणि तो मोठा आहे हे तुमच्या लक्षातही येत नाही. जुन्याचा व्हॉल्यूम २० आणि नव्याचाही २०, ही तुलना नव्हे. ते आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले असतात.

म्हणून जुना पुन्हा जोडून आधी त्याच्यावर मोजा. पेन ड्राइव्हवर पिंक नॉइजची (चाचणीसाठीच्या एकसारख्या खरखरीची) फाइल घ्या, इंजिन बंद, काचा बंद, फोनवर साउंड मीटरचं ॲप उघडून फोन ड्रायव्हरच्या हेडरेस्टला टेकवा. ॲप ७५ डेसिबल दाखवेल इतका आवाज ठेवा. मग कपलर बदला, नव्यावर तीच फाइल लावून पुन्हा ७५ वर आणा. फोन तोच, जागा तीच. फोनचा मीटर अचूक नसतो, पण दोन्ही वेळा सारखाच चुकतो, आपल्याला तेवढं पुरे. इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, आणि ब्लूटूथ अजिबात नको, त्यात आवाज दाबून पाठवला जातो. गाणी फ्लॅकमध्ये (न दाबलेल्या दर्जाच्या फाइलमध्ये) घ्या; जुना स्टिरिओ फ्लॅक वाचत नसेल तर ३२० केबीपीएसची एमपी३ दोन्हींत वापरा. आणि एकावरून दुसऱ्यावर बदल लगेच करा. सकाळी ऐकलेला आवाज संध्याकाळी आठवतो असं म्हणणाऱ्याचं मनावर घेऊ नका.

ऐकायचं काय? धांगडधिंगा नको. डग्ग्यावरची मींड घ्या: खालचा सूर वळताना ऐकू येतो की नुसता ‘धब्’ होतो? तंबोऱ्याची जव (जवारी) मोकळी होते की चिवचिवते? आणि एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रित नाट्यपद किंवा भावगीत जरूर लावा. फेडर पुढे, बॅलन्स मधोमध. मोनोत दोन्ही बाजूंना एकच आवाज असतो, म्हणून तो एका जागी गोळा झाला पाहिजे. तो पोकळ, विस्कटलेला वाटला आणि बास गायब असला, तर एका दाराच्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली आहे. असं झालं असताना स्टिरिओलाच नावं ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. स्पीकरच्या वायरी स्टिरिओपासून सुट्या करून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. वूफरचा पडदा बाहेर आला की सेलचं प्लस टोक ज्या वायरला ती प्लस.

यानंतर इंजिन चालू करा, व्हॉल्यूम शून्य ठेवा आणि ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाबरोबर चढणारी ‘कुईं’ ऐकू आली तर बहुधा अर्थिंग कच्चं आहे. काळी वायर चेसिसच्या रंग नसलेल्या धातूवर पक्की करा.

सगळं सारखं केल्यावर फरक बहुधा अपेक्षेपेक्षा कमी निघतो. मग टाइम अलाइनमेंट लावा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवं दार जवळ. टेपने मोजा: कानापासून उजवा स्पीकर ९० सेंटिमीटर आणि डावा १४० असेल, तर उजव्याला साधारण दीड मिलिसेकंद उशीर द्या. गाणारा खिडकीतून निघून डॅशबोर्डच्या मध्ये येऊन बसतो. दारांच्या स्पीकरना हाय-पास ८० हर्ट्झला लावा, पण सबवूफर असेल तरच. नव्या स्टिरिओचा पैसा वसूल होतो तो इथे. हे करूनही जुनाच बरा वाटला, तर नवा परत करा आणि ते पैसे पुढच्या दोन स्पीकरवर आणि दाराच्या डॅम्पिंगवर (पत्र्याचा थरथराट दाबणाऱ्या थरावर) घाला.