ए-लेव्हल स्पॅनिश: भाषा आणि समाज एकाच वहीत

ब्रिटनमध्ये जीसीएसईपर्यंत, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालेय परीक्षेपर्यंत, आपले घर, शाळा आणि सुट्टी यांविषयी स्पॅनिशमध्ये बोलता आले की बरेचसे भागते. त्यानंतरच्या ए-लेव्हल या विद्यापीठपूर्व अभ्यासक्रमाच्या दोन वर्षांत मात्र फ्रँकोची हुकूमशाही, स्पेनमधील प्रादेशिक अस्मिता, स्थलांतरितांचे प्रश्न यांवर मत मांडून ते पुराव्यानिशी टिकवावे लागते. तरीही पुष्कळ विद्यार्थी व्याकरणाची एक वही आणि संस्कृतीची दुसरी वही ठेवतात, आणि ही दुसरी वही बहुतेकदा इंग्रजीतच भरते. ही सवय पहिल्याच महिन्यात मोडावी, असे मी आग्रहाने सांगेन.

एक्यूए मंडळाच्या परीक्षेत श्रवण, वाचन आणि भाषांतराच्या पहिल्या पेपरला 50 टक्के, साहित्यकृती व चित्रपटावरील निबंधांच्या दुसऱ्या पेपरला 20 टक्के आणि तोंडी परीक्षेला 30 टक्के भार असतो. तोंडी परीक्षेत स्पॅनिशभाषक देशांच्या ज्ञानाला स्वतंत्र गुण आहेत. प्रश्न कुटुंबाविषयी असला तरी उत्तर लंडनच्या किंवा पुण्याच्या अनुभवावर संपले, तर ते गुण हातचे जातात.

वही कशी ठेवावी हे एका उदाहरणाने सांगतो. 23 फेब्रुवारी 1981 रोजी तेहेरो या लेफ्टनंट कर्नलने सशस्त्र जवानांसह स्पेनच्या संसदेत घुसून खासदारांना ओलीस धरले. मध्यरात्रीनंतर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आला, त्याने राज्यघटनेच्या बाजूने भूमिका घेतली आणि उठाव फसला. पानावर ही घटना स्पॅनिशमध्येच चार ओळींत लिहावी, शेजारी ‘गोल्पे दे एस्तादो’ म्हणजे सत्तापालटाचा उठाव यांसारखे शब्द नोंदवावेत आणि खाली एक वाक्य तयार करावे: ‘सी एल रेइ नो उबिएरा इंतेर्बेनिदो…’, म्हणजे ‘राजाने हस्तक्षेप केला नसता तर…’. या एका वाक्यात राजेशाहीचा विषय आणि अवघड समजले जाणारे क्रियापदाचे रूप, दोन्ही पक्के होतात. याच पद्धतीने 1975 मधील फ्रँकोचा मृत्यू, 1978 ची राज्यघटना, 2005 मधील समलिंगी विवाहाचा कायदा आणि आर्जेन्टिनात 1977 पासून बेपत्ता मुलांचा जाब विचारणाऱ्या ‘प्लासा दे मायो’ या चौकातल्या माता, असे एकेक पान भरत जावे.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनी तर इंग्रजीचा वळसा घेऊच नये. ‘मला पुस्तक आवडते, मला पुस्तके आवडतात’ आणि ‘मे गुस्ता एल लिब्रो, मे गुस्तान लोस लिब्रोस’ यांची घडण एकच आहे: क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, माणसाप्रमाणे नाही. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातील विध्यर्थी ‘यावेस’ जेथे येतो, तेथेच ‘क्येरो के वेंगास’ यातील ‘वेंगास’ येते. ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांतला फरक ज्याला बोलताना आपोआप कळतो, त्याला ‘फुई’ आणि ‘इबा’ यांतला फरक समजायला वेळ लागत नाही. उच्चारातही आपला दंत्य ‘त’ जसाच्या तसा चालतो. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन स्पॅनिश क्रियापदांच्या बाबतीत मात्र मराठी हात देत नाही, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी ‘असणे’च आहे. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे आणि ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे, अशा जोड्या पाठच कराव्या लागतात.

निबंधाच्या पेपरसाठी अनेक शाळा स्पॅनिश कवी-नाटककार लोर्काचे ‘ला कासा दे बेर्नार्दा आल्बा’ हे नाटक निवडतात. लोर्काने ते जून 1936 मध्ये पूर्ण केले आणि ऑगस्टमध्ये त्याची हत्या झाली. विधवा बेर्नार्दा आपल्या पाच मुलींवर आठ वर्षांचे सुतक लादते. तिच्या तोंडचा पहिला शब्द ‘सिलेन्सिओ’, म्हणजे ‘शांतता’, आणि शेवटचाही तोच. कथानक सांगण्यात शब्द घालवू नयेत. सुमारे तीनशे शब्दांच्या निबंधात हा एक शब्द धरून दडपशाहीचा मुद्दा उभा करता येतो. संहिता सोबत नेता येत नसल्यामुळे प्रत्येक प्रमुख पात्राची दोनतीन छोटी वाक्ये तोंडपाठ असावीत.

तोंडी परीक्षेतील स्वतःच्या संशोधनाचा विषय अरुंद निवडावा. ‘बैलझुंजी’ हा विषय नव्हे. ‘स्पेनमधील कातालोनिया प्रांताच्या संसदेने 2010 मध्ये केलेली बैलझुंजबंदी 2016 मध्ये घटनात्मक न्यायालयाने का रद्द केली?’ हा विषय आहे. त्यावर दोन मिनिटांचे सादरीकरण आणि नऊदहा मिनिटांची चर्चा होते, म्हणून विरुद्ध बाजूचे लेखही ‘एल पाईस’सारख्या दैनिकांतून स्पॅनिशमध्येच वाचावेत. जे नाटक किंवा चित्रपट निबंधासाठी घेतला, त्यावर संशोधन करण्यास परवानगी नाही.

सादरीकरण पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा कोणाला तरी मध्येच ‘पोर के?’, म्हणजे ‘का?’, असे विचारायला लावावे आणि दिलेले उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्याच संध्याकाळी ऐकावे. जेथे अडखळलात, ते वाक्य दुरुस्त करून त्या विषयाच्या पानावर लिहावे.