गुंता खाली दिसतो, चूक वर असते

नव्या एम्ब्रॉयडरी मशीनवर पहिला रंग बहुतेक वेळा सुरेख भरून होतो. मशीन थांबतं, आपण दोरा बदलतो, हिरवं बटण दाबतो आणि पाच-सहा टाक्यांत खर्रर्र आवाज येतो. कापड ताणून धरणारी रिंग जागीच अडकते. कापड उचलून पाहावं तर खाली दोऱ्याचा हा एवढा गोळा! गोळा खाली म्हणून सगळे बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळावर घसरतात. बॉबिन दहादा काढून घालतात, शेवटी बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीचा बारीक स्क्रू पिळतात. तो स्क्रू पिळू नका. तो कारखान्यातून बसवून आलेला असतो, आणि एकदा हलला की मूळ जागी आणणं नवशिक्याच्या हातचं नाही.

खालचा गुंता म्हणजे बहुतेक वेळा वरचा दोरा सैल. कारण असं: वरचा दोरा दोन गुळगुळीत चकत्यांच्या मधून जातो, त्याच त्याला ताण देतात. प्रेसर फूट, म्हणजे सुईजवळचा कापड दाबणारा पाय, वर असला की चकत्या उघडतात, खाली असला की मिटतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो मिटलेल्या चकत्यांच्या वरूनच घसरतो. बाहेरून सगळं बरोबर दिसतं, आकड्यांचे बाण पाळलेले असतात, पण ताण शून्य. मग वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा खालचा हुक हवा तेवढा दोरा ओढून घेतो आणि परत वर खेचणारं कुणी नसतं. म्हणून गोळा.

आणि ही चूक दुसऱ्याच रंगाला का होते? कित्येक मशीनवर सुईत दोरा ओवणारी कळ वापरायला फूट खाली घ्यावा लागतो. नेहमीचा क्रम असा हवा: फूट वर, दोरा वरपासून सुईपर्यंत आणायचा, मग फूट खाली, मग कळ. घाईत फूट आधीपासूनच खाली राहतो.

दर वेळी दोरा घातल्यावर पाच सेकंदांची परीक्षा घ्या. फूट वर ठेवून सुईजवळचा दोरा ओढा, तो सहज आला पाहिजे. फूट खाली करून ओढा, आता जोर लागला पाहिजे, सुई किंचित वाकली पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सहज आला तर दोरा चकत्यांत बसलेला नाही. पुन्हा ओवा. ही परीक्षा टाळू नका, ‘आता सवय झाली’ म्हणूनही नाही.

दोरा काढताना रिळाजवळ कापा आणि सुईच्या बाजूने ओढा. उलटा ओढला तर तुसं चकत्यांत अडकतात.

गुंता झालाच तर रिंग हिसकावू नका. कापड आणि सुईखालच्या धातूच्या पट्टीच्या मधल्या फटीत छोटी कात्री सरकवून दोरे कापा, सुई वर घ्या, मग रिंग काढा. बॉबिन केस बाहेर काढून ब्रशने तुकडे झाडा. मशीन बिघडलेलं नसतं, बहुतेक वेळा एवढ्याने सुरू होतं.

ताण बरोबर आहे का हे पाहायला 4-5 मिमी रुंदीची सॅटिन पट्टी (शेजारी शेजारी दाट आडव्या टाक्यांची) भरा आणि उलटी करा. मधोमध साधारण एक तृतीयांश पांढरा बॉबिन दोरा आणि दोन्ही कडांना रंगीत दिसला की झालं. पांढरा कापडाच्या सुलट बाजूला डोकावला तर वरचा ताण थोडा कमी करा.

सामानाचं थोडक्यात. वर 40 नंबरचा पॉलिस्टर किंवा रेयॉन दोरा, खाली 60 किंवा 90 नंबरचा बारीक बॉबिन दोरा. शिवणाचा सुती दोरा नको, त्याची तुसं पडतात. नेहमीसाठी 75/11 नंबरची सुई, साधारण आठ तासांच्या कामानंतर बदला. जरीला 90/14 सुई आणि मशीनचा सगळ्यात कमी वेग. बॉबिन पुस्तिकेत सांगितलेलीच घ्या, साध्या शिलाई मशीनची धातूची बॉबिन चालवून घेऊ नका.

बॅकिंगवर, म्हणजे कापडाखाली लावायच्या आधाराच्या थरावर काटकसर करणाऱ्यांच्या कापडाला चुण्या पडतात, मग ते मशीनला नावं ठेवतात. टी-शर्टाला कापून काढायचं जाड बॅकिंग, घट्ट विणीच्या सुती कापडाला फाडून निघणारं, टॉवेल-मखमलीवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म. रिंगचा स्क्रू घट्ट केल्यावर कापडाच्या कडा ओढू नका. ओढलेलं कापड रिंगमधून सुटताच आखडतं.

फुकट मिळणाऱ्या हजारो डिझाइनच्या फोल्डरबद्दल माझं मत ठाम आहे: नव्या माणसाने त्यापासून दूर राहावं. खराब फाइलने कापड बिघडलं तरी दोष स्वतःचाच वाटतो. मशीनमधलीच नक्षी आधी भरा. आकार दहा टक्क्यांहून जास्त कमी करू नका, कारण पुष्कळ मशीन टाक्यांची संख्या तीच ठेवतात आणि नक्षी पुठ्ठ्यासारखी कडक होते. डिझाइनच्या फाइलचे प्रकार वेगळे असतात: ब्रदर कंपनीच्या मशीनला पीईएस लागते, जॅनोमीच्या मशीनला जेईएफ. डीएसटी या आणखी एका प्रकारच्या फाइलमध्ये रंगांची माहिती नसते, त्यामुळे पडद्यावर मोर जांभळा-पिवळा दिसला तर घाबरू नका.

शिकवणारा निवडताना एकच बघा: तो गुंता सोडवून दाखवतो का. नुसते तयार नमुने दाखवणाऱ्याची फी वाया.

अमेरिकेतून नातेवाइकांनी मशीन आणलं असेल तर मागची पट्टी वाचा. नुसतं 120 व्होल्ट लिहिलेलं असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच, पिनचा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही.

ब्लाउजपीस आधी बेतून कापू नका. पाठीचा गळा खडूने आखा, भरतकाम करा, उलट्या बाजूने इस्त्री फिरवा आणि मगच कात्री लावा. 10 सेंटिमीटरच्या रिंगला चहूबाजूंनी पकड लागते, कापलेल्या गळ्याजवळ ती मिळत नाही. आणि रेशमावर रिंगचा वळ उठतो, म्हणून तिथे रिंगमध्ये फक्त बॅकिंग ताणा, त्यावर तात्पुरत्या चिकट स्प्रेने कापड बसवा आणि भोवती लांब टाक्यांची चौकट घालून घ्या.