‘सगळं यातच आहे, ताई’ : रिटर्नचे कागद देताना या चुका टाळा

जून उजाडला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओसरीवर आयकर रिटर्नच्या कागदांच्या पिशव्या यायला लागतात. साडीच्या दुकानाची, मिठाईच्या दुकानाची, आणि एकदा तर चक्क उशीचा अभ्रा. पिशवी टेबलावर ठेवून माणूस खुर्चीत टेकतो, पंख्याकडे बघतो आणि म्हणतो, “सगळं यातच आहे, ताई. बघून घ्या.” आत लाइट बिलं असतात, लग्नपत्रिका असते, तीन वर्षांपूर्वीचा फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) असतो, औषधांच्या चिठ्ठ्या असतात. हवा तो कागद मात्र घरी ‘नीट जपून’ ठेवलेला असतो.

हल्ली काहींची तर पिशवीही येत नाही. “आता सगळं ऑनलाइनच दिसतं ना तुम्हाला?” मला विचाराल तर पिशवी परवडली. या वाक्यानं लोकांचे जास्त पैसे जातात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

‘तुम्हाला दिसतंच की’

नोव्हेंबर २०२१ पासून आयकर खात्याच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, मिळतं. त्यात बँकेचं व्याज, डिव्हिडंड, विकलेले शेअर, म्युच्युअल फंड असं बरंच काही दिसतं. ३० लाखांच्या वरचा घराचा व्यवहारही दिसतो. पण हे सगळं तुमच्याकडे काय आलं याचं. घर विकलं हे कळतं. त्याच्या वरच्या मजल्यावर तुम्ही किती ओतले होते, त्यातला अर्धा वाटा बहिणीचा होता, हे कळत नाही. कर लावायची माहिती तिकडे आपोआप जमते, कर कमी करायची माहिती तुमच्या कपाटात पडून असते. आणि कपाटाला लॉगिन नसतं.

एआयएस स्वतः उतरवून घ्या. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये रेघ-टिंब काही नाही. पासबुकाशी ताडून पेन्सिलीनं खुणा करा. एखादं व्याज दोनदा आलं असेल किंवा तुमचं नसेलच, तर पोर्टलवर तशी हरकत नोंदवता येते. फक्त ती नोंदवताना हातात कागद हवा. “मला नाही वाटत एवढं व्याज असेल” हा पुरावा नव्हे.

ओटीपी कॅनडात

बडोद्यात हे दर दुसऱ्या घरात आहे. मुलानं नोकरीला असताना आईबाबांचं पोर्टलचं खातं उघडून दिलं, मोबाइल नंबर स्वतःचा टाकला आणि तो टोरंटोला गेला. इथला नंबर वर्षभरात बंद. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी काका माझ्यासमोर बसलेले, ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर चाललेला.

पोर्टलच्या प्रोफाइलमधला नंबर आणि आधारला जोडलेला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही आजच तपासा. कारण रिटर्न भरून काम संपत नाही, ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते. (आधी १२० दिवस होते. लोक अजून त्याच भरवशावर आहेत.) मुदत उलटून पडताळणी केली, तर ज्या दिवशी केली तो दिवस भरल्याचा धरला जातो आणि वेळेत भरलेलं रिटर्न उशिराचं होतं. उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर उशिराचे ५,००० रुपये. आधारचा ओटीपी जमत नसेल तर नेटबँकिंगमधूनही पडताळणी होते. तेही नसेल तर पावतीवर सही करून ती बेंगळुरूला टपालानं पाठवता येते.

सुलभा आणि सुलभाबेन

गुजरातेत राहिल्याचा हा खास कर. आपण पॅनवर ‘सुलभा’, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आणि १९९० च्या सुमारास बँकेतल्या कारकुनानं आपुलकीनं लिहिलेलं ‘सुलभाबेन’. पुरुषांच्या मागे ‘भाई’. बोलायला गोड आहे, पण रिफंडासाठी बँक खातं पोर्टलवर पडताळून घ्यावं लागतं आणि तिथे पॅनवरचं नाव खात्यावरच्या नावाशी जुळलं नाही की गाडी अडते. पॅन आणि आधारवरचं नाव एक करून घ्या आणि तेच बँकेत द्या. अर्ज साधा असतो, फक्त जुलैत करू नका.

खाते क्रमांकाचंही तेच. विजया बँक आणि देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. (सयाजीरावांनी १९०८ साली आपल्याच गावात काढलेली बँक, त्यामुळे इथल्या लोकांना ती घरचीच वाटते.) तरी मला अजून देनाचं जुनं पासबुक मिळतं, “नंबर तोच असेल ना?” या प्रश्नासकट. रिफंड परत गेला असेल तर घाबरायचं कारण नाही. नवं खातं पडताळून पोर्टलवरून पुन्हा पाठवण्याची विनंती करता येते.

जोड नावाच्या एफडीत बँक टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापायचा कर, पहिल्या नावावर कापते. पैसे नवऱ्याचे, पहिलं नाव बायकोचं, आणि व्याज कोणाच्याच रिटर्नमध्ये नाही, असं दरवर्षी दोन-तीन घरांत तरी निघतं. पैसे कोणाचे, हे मला आधी सांगा. नोटीस आल्यावर सांगू नका.

‘हातात कुठे आलं व्याज?’

एफडीवरचा हा वाद मी वडिलांच्या काळापासून ऐकते आहे, आणि वाद घालणारा माणूस मनापासून दुखावलेला असतो. पाच वर्षांची एफडी, व्याज शेवटी मिळणार, मग आज कर कसला? पण बँक दरवर्षी व्याज तुमच्या नावे मांडते. १० लाखांची, ७ टक्क्यांची, तिमाही चक्रवाढीची एफडी घ्या. पहिल्याच वर्षी साधारण ७१,८०० रुपये व्याज मांडलं जातं. साठीच्या आतल्या माणसाला ५० हजारांच्या पुढे टीडीएस लागतो (ज्येष्ठांना १ लाखाच्या पुढे), म्हणजे ७ हजारांच्या वर रक्कम कापलीही जाते. हे गृहस्थ चार वर्षं काही दाखवत नाहीत आणि पाचव्या वर्षी एकदम ४ लाख १५ हजार घेऊन येतात. उत्पन्न एका वर्षात फुगतं, वरचा टप्पा लागतो, आणि आधीच्या वर्षांत कापलेला कर त्या-त्या वर्षात मागायचा राहून गेलेला असतो.

म्हणून एफडीची पावती आणू नका. पावतीवर मुद्दल आणि मुदत असते, वर्षाचं व्याज नसतं. बँकेतून १ एप्रिल ते ३१ मार्चचं व्याज प्रमाणपत्र आणा. प्रत्येक बँकेचं वेगळं.

आणि १५एच, म्हणजे ‘माझा टीडीएस कापू नका’ असं ज्येष्ठ बँकेला लिहून देतात तो फॉर्म. तो दिला म्हणजे व्याज करमुक्त झालं, असं आमच्या वाड्यातल्या आज्या ठामपणे सांगतात. त्यानं फक्त टीडीएस थांबतो. व्याज उत्पन्नात धरावंच लागतं.

वाडा विकला, कागद रद्दीत

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. रावपुऱ्यातला, दांडिया बाजारातला आजोबांचा वाडा बिल्डरला जातो, दस्तावेज होतो, भावंडांत पैसे वाटले जातात, आणि वर्षानं माझ्याकडे फक्त विक्रीचा दस्तावेज येतो.

वडिलोपार्जित वास्तू जुनी असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल हवा, आणि ती किंमत त्या तारखेच्या जंत्रीच्या, म्हणजे सरकारी दराच्या, वर जाऊ शकत नाही. त्यानंतर केलेलं बांधकाम वेगळं जोडता येतं. समजा २००९-१० मध्ये ६ लाख घालून वरचा मजला चढवला आणि वाडा २०२५-२६ मध्ये विकला. २३ जुलै २०२४ च्या आधीची मालमत्ता असेल तर इथे राहणाऱ्या व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी हिशेब करून कमी येईल तो कर भरता येतो. सरळ साडेबारा टक्क्यांच्या हिशेबात त्या ६ लाखांमुळे ७५ हजारांचा कर वाचतो. महागाई निर्देशांकाच्या, २० टक्क्यांच्या हिशेबात निर्देशांक १४८ वरून ३७६ वर गेलेला असतो, त्या ६ लाखांचे १५ लाख २४ हजार होतात, आणि कर ३ लाखांहून जास्त उतरतो. कोणतीही पद्धत लागू पडो, हाती बिल हवं. ते “गणपतीच्या साफसफाईत गेलं असेल”.

ठेकेदाराला रोख दिले असतील, तर निदान बँकेतून पैसे काढल्याची नोंद, सिमेंट-सळईची बिलं आणि पालिकेची बांधकाम परवानगी शोधा. मजला वाढल्यावर वेराबिलही, म्हणजे घरपट्टीही, वाढतं. त्या वर्षाचं आधीचं आणि नंतरचं, दोन्ही बिलं आणा. आणि बहिणीनं हक्क सोडला असेल तर हक्कसोड पत्राची प्रतही, नुसतं “ती काही म्हणणार नाही” चालत नाही.

दिवाळी ते दिवाळी

चोपडा पूजनाच्या गावात राहून आपल्याकडचे जुने दुकानदारही वर्ष पाडव्यापासून मोजतात. पूर्वी ते चालायचं. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चलाच संपतं. पूजेची वही दिवाळीला उघडा, हिशेबाची एप्रिलमध्ये. मला कार्तिकातली बेरीज दिली तर ती अर्धी कापून पुन्हा जोडावी लागते, आणि त्याची फी वेगळी लागते हे मी आता स्पष्ट सांगते.

औषधांच्या चिठ्ठ्या

आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांना जुन्या करपद्धतीत औषधोपचाराचा ५० हजारांपर्यंतचा खर्च वजा मिळतो, पण तो रोख दिलेला चालत नाही. एका आजींनी वर्षभराच्या चिठ्ठ्या महिन्यावार टाचून आणल्या होत्या. इतकी नेटकी फाइल मी अजून पाहिलेली नाही. एकूण एक रोखीची. मला ते सांगवेना, चहा झाल्यावर सांगितलं. देवळाच्या देणगीचंही तसंच, २,००० च्या वर रोख दिली की वजावट गेली. आणि २०२३-२४ पासून न निवडताच नवी पद्धत लागते, तिच्यात यातलं काहीच मिळत नाही. तेव्हा चिठ्ठ्या टाचण्याआधी कोणती पद्धत घ्यायची ते विचारून घ्या.

दुकानाच्या मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती वर्षभरात कोरी होते. घेतली त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

रात्री साडेअकराचे फोटो

व्हॉट्सॲपवर ४३ फोटो. त्यातले ९ एकाच पानाचे, ६ मध्ये अंगठा, एक जेवणाच्या ताटाचा. शेअरवाले ॲपचा स्क्रीनशॉट पाठवतात, त्यावर खातं उघडल्यापासूनचा नफा असतो. मला वर्षाचा कर अहवाल हवा असतो, तो त्याच ॲपमध्ये दोन बोटं खाली असतो. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफ पाठवा आणि पासवर्ड त्याच निरोपात लिहा. फाइलीला वर्ष आणि नाव द्या. ‘डॉक्युमेंट १ नवीन फायनल’ नावाच्या माझ्याकडे अकरा फाइली आहेत.

पूर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री घरांत शिरली तेव्हा खालच्या कप्प्यातले कागद आधी गेले. त्यानंतर मी लोकांना एकच प्रश्न विचारते : यातल्या कशाची दुसरी प्रत मिळते? बँक स्टेटमेंट मिळतं, फॉर्म १६ मालकाकडून मिळतो, दस्तावेजाची प्रमाणित नक्कल सब-रजिस्ट्रारकडे मिळते. गवंड्याचं बिल, विकलेल्या दागिन्यांची जुनी खरेदीची पावती, भावंडांतला हाताने लिहिलेला वाटणीचा कागद यांची प्रत जगात कुठेच नसते. वरच्या कप्प्यात ते ठेवा, लाइट बिलं खाली भिजू देत.

तो अभ्रा त्याच पुरातला. पाणी पायरीला लागलं तेव्हा आजोबांनी हाताला लागेल ते त्यात कोंबलं आणि गच्चीवर नेलं. तीन संध्याकाळी मी तो उपसत होते. तळाशी, गॅसच्या पुस्तकात घडी घालून, २०११ च्या बांधकामाचं सहीचं बिल होतं. आजोबा म्हणाले, “ते होय? ते मी फेकणारच होतो.”